चौथ्या पाकिटातला कोरा कागद

१

चौथं पाकीट सरांनी कात्रीनं कापलं, आतला कागद दोन बोटांनी ओढला, चष्मा कपाळावर चढवला, परत उतरवला, कागद उलटा करून पाहिला आणि विचारलं, “हे काय?”

कागद कोरा होता. पुढून कोरा, मागून कोरा. खिडकीसमोर धरला तरी कोराच.

“माझं आहे का ते?” कोपऱ्यातून आमच्या जुन्या शिपाईकाकांनी विचारलं.

मी यादी पाहिली. क्रमांक चार म्हणजे काकाच. तोंडानं सांगायचं धैर्य झालं नाही, नुसती मान हलवली.

“म्हणजे मी काही लिहिलंच नव्हतं?” काका म्हणाले. “पण लिहिलेलं मला आठवतंय. की तेही चुकीचंच आठवतंय?”

हा प्रश्न कुठंही ऐकला असता तरी वाईटच वाटलं असतं. आमच्या विभागात तो ऐकावा लागणं म्हणजे वैद्याच्याच दारात माणूस आडवा पडण्यासारखं. आम्ही आठवणींचा अभ्यास करतो. माणसाला स्वतःचं आयुष्य कसं आठवतं आणि त्या आठवणीला चिकटलेली भीती, लाज, आनंद किती दिवस टिकतो, हे मोजतो. मोजणारे साहेब लोक. मी दप्तर सांभाळते. कुणी काय म्हटलं आणि कुणी काय केलं, याच्या दोन रकान्यांची एक वही मात्र माझ्या डोक्यात कायम उघडी असते. ती कुणी मागितलेली नाही, म्हणून ती खरी आहे.

तर झालं होतं असं. दहा वर्षांपूर्वी एका मंगळवारी संध्याकाळी आमच्या ध्वनिफितींच्या खोलीला आग लागली. तीनशे म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेल्या आपापल्या आयुष्याच्या कहाण्या तासाभरात वितळून गेल्या. कुणी दगावलं नाही. खोके ओढून काढायला आत घुसलेले आमचे शिपाई, म्हणजे काका, त्यांचा उजवा तळहात तेवढा भाजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंती अजून गरम होत्या आणि आमच्या सरांना कल्पना सुचली. अशा वेळी इतरांना रडू येतं. सरांना कल्पना येते. त्या दिवशी कामावर असलेल्या पाचही जणांनी वेगवेगळं बसून, काय पाहिलं आणि काय वाटलं ते लिहायचं. लगेच पाकिटात बंद. दहा वर्षांनी तेच पुन्हा आठवून लिहायचं, मग जुनं उघडून ताडून बघायचं. धक्क्याची आठवण खरी किती उरते? पाकिटांवर नावं नव्हती, नुसते आकडे. कुठला आकडा कुणाचा याची यादी माझ्या खणात, कुलपात. सरांनीही कधी पाहिली नव्हती.

तिसऱ्या दिवशी चौकशी झाली. काकांनी त्या खोलीतली चहाची विजेची शेगडी चालूच ठेवली म्हणून आग लागली, असं ठरलं. चौथ्या दिवशी काकांनी मान खाली घालून नोकरी सोडली.

आणि आज दहा वर्षांनी, ते पहिल्यांदा विभागाची पायरी चढले होते. सोबत त्यांची लेक.

“बाबा इथं कशासाठी आलेत ठाऊक आहे का तुम्हाला?” ती उठून उभी राहिली. “सोमवारी मी कामावर रुजू होतेय. माझी मुलगी तीन वर्षांची. तिला सांभाळायला बाबांशिवाय कुणी नाही. आणि बाबा म्हणतात, मी एकटा तिच्याजवळ थांबणार नाही, माझ्या हातून घरं जळतात! दहा वर्षं गॅसच्या बटणाला हात लावला नाही यांनी. शेवटी म्हणाले, मी काय केलं ते एकदा माझ्या अक्षरात वाचू दे, मग सांगतो. आणि तुम्ही कोरा कागद काढता?”

तेवढ्यात टेबलाच्या टोकाला बसलेल्या माझ्या मावशीनं हात पुढं केला. “आणा बघू इकडे.”

तिनं कोरा कागद आधी उघडलेल्या तीन कागदांशेजारी ठेवला. ते तीन कडांना पिवळे पडले होते. हा दुधासारखा पांढरा.

“हा कागद दहा वर्षांचा नाही,” मावशी म्हणाली. “फार तर पंधरवड्याचा. दार लावून घे गं. आता चहासुद्धा आतच येईल.”

२

मावशीची ओळख करून द्यायला हवी. माझ्या आईची धाकटी बहीण. चौतीस वर्षं परीक्षा मंडळात तपासलेले पेपर पुन्हा तपासायचं काम केलं. कॉपी पकडण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. गावोगावचे हुशार कॉपीबहाद्दर तिच्या नावानं बोटं मोडायचे. पाकिटं बाहेरच्या कुणा तटस्थ माणसासमोर उघडायची, असा सरांचाच नियम होता. मी मावशीचं नाव सुचवलं. सर म्हणाले, “वयस्कर बाई आहेत, शांत बसून राहतील.” सरांचं माणसांबद्दलचं अनुमान हे असं.

“कपाटाची किल्ली कुणाकडे?” मावशीनं विचारलं.

सगळ्यांची मुंडकी माझ्याकडे वळली. दहा वर्षं यांच्या रजेचे अर्ज शोधून देते त्याचं हे फळ.

“खिळ्याला लटकते,” मी म्हटलं. “पार पाणी भरणाऱ्यालासुद्धा दिसते.”

“तरी पण,” सर हळूच म्हणाले, “यादी फक्त तुमच्याकडे, म्हणजे चौथं पाकीट काकांचं हे फक्त तुम्हालाच...”

“म्हणूनच ती सुटली,” मावशीनं त्यांना पुरं करू दिलं नाही. तिनं पाचही पाकिटं ओळीनं मांडली आणि झाकणाच्या कडेवरून बोट फिरवलं. “एक, दोन, तीन, चार. चारही झाकणं लाटेसारखी वाकलेली. वाफ देऊन उघडलेली आणि परत चिकटवलेली. पाचवं बघा, इस्त्री केल्यासारखं. आता मला सांगा, हिला ठाऊक होतं चार काकांचं. मग हिनं एक, दोन, तीन कशाला फोडली असती? चोराला आकडा माहीत नव्हता. तो एकापासून निघाला आणि हवं ते सापडल्यावर थांबला.”

मी पदर सावरून बसले. पाचवं पाकीट माझंच होतं. चोरालाही माझ्या आठवणीत रस नव्हता, याचं किंचित वाईट वाटलं.

“काका दहा वर्षांत इथं आले नाहीत. लेक फक्त फाटकापर्यंत आली, वडिलांनी पुन्हा आठवून भरलेला नवा अर्ज द्यायला. मग राहिले कोण?” मावशीनं बोटांवर मोजलं. “सर. मॅडम. आणि टेपवाले.”

मॅडम म्हणजे आमच्या दुसऱ्या प्राध्यापिका. टेपवाले म्हणजे ध्वनिमुद्रणाची यंत्रं सांभाळणारे तंत्रज्ञ. मितभाषी माणूस, बोटं सतत कुठलीतरी तार वळवत असतात.

“अहो, पण चोरी करायची कुणी आणि कशाला?” सरांचा आवाज चढला. “काकांनी जे केलं ते तर सर्वांना ठाऊकच आहे!”

“तेच म्हणते मी,” मावशी म्हणाली. “सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट चोरायला कुणी चार पाकिटांना वाफ देत नाही.”

३

तिनं एकेकाला माझ्या टेबलाशी बोलावलं. मी शेजारी फायली लावत बसले, म्हणजे कान उघडे ठेवून.

पहिल्या आल्या मॅडम. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, “शेगडी माझी होती.”

“असं?”

“घरून आणली होती मी. नियमात बसत नव्हतं. वायरचं एका ठिकाणी आवरण गेलं होतं. काकांना रोज सांगायचे, प्लग काढून वायर गुंडाळून ठेवा. चौकशीत शेगडीचं नाव निघालं तेव्हा मी गप्प बसले. भित्री आहे हो मी. पण पाकीट मी नाही फोडलं.”

“काकांनी चालू ठेवली असेल असं तेव्हा वाटलं तुम्हाला?”

“नाही वाटलं. मग सगळे म्हणायला लागले. मग वाटायला लागलं. आता तर आठवतंच.”

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मी वहीत नोंद केली, डोक्यातल्या.

मग सर. ते बसलेच नाहीत, येरझारा घालत राहिले. “चौकशी माझीच होती. पाऊण तासात संपवली, कबूल. पण साक्षीदार होता! टेपवाल्यांनी निघताना दारातून पाहिलं होतं. शेगडी लाल आणि काका निघालेले. काका आधी नाही म्हणाले. मग आम्ही विचारलं, नीट आठवा. पुन्हा विचारलं. चौथ्या-पाचव्यांदा ते म्हणाले, हो, दिसतंय आता.”

“काय दिसतंय म्हणाले?”

“तेच! लाल शेगडी!”

“आणि पाचही जणांनी आदल्या दिवशी लिहिलेलं तुमच्या कपाटात होतं.”

“बंद होतं,” सर म्हणाले. “उघडलं असतं तर प्रयोगच...” आणि ते वाक्य त्यांनी अर्धवट सोडलं. सरांनी वाक्य अर्धवट सोडलेलं मी नोकरीत पहिल्यांदा पाहिलं.

टेपवाले शांत होते. “मी पाच वाजता निघालो. दारातून शेगडी पाहिली. घरी गेलो. साडेसहाला निरोप आला. तेव्हाही हेच सांगितलं, आताही हेच.”

“अगदी हेच?”

“अगदी.”

“छान,” मावशी म्हणाली. “फारच छान.”

सगळ्यांत शेवटी काका. त्यांच्यासमोर ती खुर्ची जवळ ओढून बसली. “काका, मला नुसतं सांगा, तो क्षण तुम्हाला दिसतो कसा?”

“रोज दिसतो. शेगडीची तार लाल. बाजूला कपबश्या. मी पिशवी घेऊन निघालोय.”

“तुम्ही कुठून बघताय हे?”

काका गोंधळले. डोळे मिटले. “दारातून.”

“आणि तुम्ही कुठं आहात?”

“मी शेगडीपाशी. मी पाठमोरा दिसतो. माझ्या सदऱ्याची पाठ दिसते.”

मावशी पुढं वाकली. “काका,” ती म्हणाली, “स्वतःची पाठ तुम्हाला कधी दिसली?”

४

“त्याला पुरावा म्हणता येणार नाही!” मावशीनं हे सांगताच सर टाळी वाजवून ओरडले. ते खवळले नव्हते, खुलले होते. “जुन्या आठवणीत माणूस पुष्कळदा स्वतःला बाहेरून बघतो. खऱ्या आठवणीतसुद्धा! लग्नातला स्वतःचा चेहरा दिसतो की नाही तुम्हाला?”

“दिसतो. फोटोतला.” मावशी म्हणाली. “बरं, पुरावा नाही. नुसता धागा म्हणू. आता ते कागद काढा. जुने आणि नवे, जोडीजोडीनं.”

नवे अर्ज सगळ्यांनी आठ दिवसांपूर्वी भरले होते. सरांनी जोड्या मांडल्या आणि पहिल्याच जोडीला मॅडम ओरडल्या, “हे मी लिहिलंय?”

जुन्या कागदात मॅडम आगीच्या वेळी ग्रंथालयात होत्या आणि बातमी त्यांना कुणीतरी येऊन सांगितली. नव्यात त्या धुरातून जिना उतरत होत्या आणि त्यांची एक चप्पल पायरीवर राहिली.

“चप्पल माझी राहिली होती!” सर म्हणाले. “हे बघा माझ्या जुन्या कागदात! एका पायात चप्पल घालून मी फाटकापर्यंत गेलो!”

“अहो, मला पायाला लागलेली फरशी आठवतेय!”

“ती माझी फरशी आहे, मॅडम!”

“सर, तुम्ही ही गोष्ट दहा वर्षं दर चहाला सांगताय,” मी म्हटलं. “आता ती सर्वांच्या पायात बसली.”

सरांची स्वतःची तऱ्हा तीच. जुन्या कागदात बंब दोन आले, नव्यात चार. जुन्यात भीती दहापैकी नऊ. नव्यात दोन, आणि वर त्या चपलेचा विनोद. माझी जोडी काढली तर मी त्या दिवशी रडले होते म्हणे. मला शपथेवर आठवतंय, मी पाण्याच्या बादल्या दिल्या.

“हे असंच होतं,” सरांना आता राहवत नव्हतं. “घटना घसरतात, एकमेकांच्या गळ्यात पडतात. वाईट भावना विरतात, चांगल्या त्या मानानं टिकतात. सुदृढ मन हे असंच... अरे! अरे, हे काय आहे?”

त्यांच्या हातात टेपवाल्यांची जोडी होती.

“पाच वाजता निघालो, जुळलं. शेगडी, जुळलं. निरोप साडेसहाला, जुळलं. क्रम जुळला! आणि भावना... भीती आठ, आठ. दुःख सहा, सहा. राग तीन, तीन. अकराच्या अकरा आकडे! दहा वर्षांनी!” सर खुर्चीवरून उठून टेपवाल्यांचे दोन्ही हात हलवू लागले. “तुम्ही चमत्कार आहात! अशी स्मृती लाखात नव्हे, कोटीत एक! मी तुमच्यावर पुस्तक लिहिणार!”

टेपवाले कसनुसं हसले. त्यांच्या बोटांत तार नव्हती, तरी बोटं वळत होती.

“सर,” मावशी म्हणाली, “पुस्तक लिहा. पण पहिल्या पानावर लिहा की चोर सापडला.”

५



“चोर खोटं बोलतो म्हणून त्याची उत्तरं बदलतात, असं लोकांना वाटतं,” मावशी म्हणाली. “मॅडमचं सगळं बदललं, सरांचं बदललं, माझ्या भाचीचं तर विचारूच नका. म्हणजे तिघांनीही जुना कागद पुन्हा पाहिलेला नाही. ज्याचं तसूभर हललं नाही, त्यानं तो वाचलाय.”

“पण असाधारण स्मृती असू शकते!” सर अजून चमत्कार सोडायला तयार नव्हते. “घटना अचूक आठवू शकतात!”

“घटना सोडा. मी मंडळात होते तेव्हा बरोबर उत्तरांवरून कॉपी कधीच पकडली नाही. बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच असतं. मी बघायची, पोरानं प्रश्न वाचलाय का.” तिनं दोन्ही कागद शेजारी ठेवले. “जुन्या अर्जातला प्रश्न काय? ‘काल तुम्हाला काय काय वाटलं, किती वाटलं?’ आणि नव्यातला?”

सरांनी वाचलं. वाचताना त्यांचा आवाज उतरत गेला. “‘त्या दिवसाची आठवण आली की आज तुम्हाला काय वाटतं?’”

“आज. प्रश्न बदलला. टेपवाल्यांनी आकडे तेच उतरवले. ही नववी ओळ बघा. थकवा, तेव्हा सात.” ती टेपवाल्यांकडे वळली. “आणि आजही सात. दहा वर्षं झाली हो. त्या दिवसाचा शीण अजून उतरला नाही?”

मॅडमच्या तोंडून हसू फुटलं आणि तिथंच विरलं.

“प्रश्न न वाचता उत्तर उतरवणारे मी हजारो पाहिलेत,” मावशी म्हणाली. “त्यांचं घोडं नेहमी एकाच ठिकाणी अडतं. नवा प्रश्न आला की. सर, बारावी ओळ काय आहे?”

“अपराधी वाटणं,” सर पुटपुटले. “जुन्या अर्जात नव्हती. यंदा मीच घातली.”

मी पाचही नवे अर्ज पसरले. बाराव्या ओळीत मॅडमचे सात. सरांचे एक, तेही त्यांनी आता टेबलाखाली लपवावं तसं हातानं झाकलं. माझे दोन. काकांचे दहा, आणि दहाला पेननं दोनदा गोल केलेला.

टेपवाल्यांची ओळ मोकळी होती.

“तिथं उतरवायला काही नव्हतं,” मावशी म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज मऊ झाला. “नुसता एक आकडा टाकायचा होता, टेपवाले. शून्य टाकलं असतंत तरी मी इतक्या ठामपणे बोलले नसते. का नाही टाकलात?”

टेपवाल्यांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. चौपट घडी केलेला, कडांना पिवळा कागद टेबलावर आला.

“आज परत आत ठेवायचा होता,” ते म्हणाले. “सकाळी आलो तर तुम्ही सगळे आधीच कपाटापाशी.”

काकांची लेक झेपावली, पण काकांनी तिला मागं धरलं. “त्यांना बोलू दे.”

“मी पाचला निघालो नव्हतो,” टेपवाले म्हणाले. “एक तार जोडायची होती. डाग द्यायची विजेची सळई तापत ठेवली आणि मुख्य यंत्र बघायला पलीकडे गेलो, तिथून तसाच घरी. दुसऱ्या दिवशी लिहायला बसवलंत तेव्हा भीतीनं पाच लिहिलं. मग शेगडी. मग चौकशीत काका. एकदा सांगितल्यावर रोज सांगावं लागलं. दोन-तीन वर्षं मला पक्कं ठाऊक होतं, हे मी रचलंय. मग... शपथ घेऊन सांगतो, मग मला काकाच दिसायला लागले. दारातून. लाल शेगडी. मला खरंच तेच आठवत होतं.”

“मग पाकीट कशाला फोडलंत?” मॅडमनी विचारलं.

“काका येणार, स्वतःचं पाकीट वाचणार, असं कळलं आणि पोटात गोळा आला. डोकं म्हणत होतं, केलं काकांनीच. पोट म्हणत होतं, एकदा बघून घे.” त्यांनी कागद काकांकडे सरकवला. “डोकं विसरलं होतं. पोट नव्हतं विसरलं.”

सरांनी पेन उचललं, आणि मावशीनं ते त्यांच्या हातातून काढून घेतलं.

६

काकांनी घडी उलगडली. अक्षर मोठं, वाकडंतिकडं होतं. उजवा हात भाजल्यामुळे डाव्या हातानं लिहिलेलं. काकांनी चष्मा मागितला नाही. मोठ्यानं वाचलं.

“पाच वाजता कपबश्या धुतल्या. शेगडीचा प्लग काढला, वायर गुंडाळून खिडकीत ठेवली. खोलीची किल्ली टेपवाल्यांकडे दिली. ते म्हणाले, तुम्ही जा, मला वेळ लागेल. फाटकावर बसलो. सहाला धूर दिसला. आत गेलो. दोन खोके काढले. तिसरा निघेना. त्यात आगबोटीतून प्रवास केलेल्या आजींचा आवाज होता. फार वाईट वाटलं. भीती शून्य. वेळ नव्हता.”

वाचून झालं. आम्ही सगळे त्यांच्या चेहऱ्यावर आनंद शोधत होतो. तो नव्हता.

“वाचलं,” काका म्हणाले. “अक्षर माझं आहे. पण शेगडी मला अजून लालच दिसते. आता, या क्षणीसुद्धा. कागद वाचून ती विझत नाही.”

“विझणार नाही,” सर म्हणाले. ते आता खुर्चीत नीट बसले होते, दोन्ही हात मांडीवर. “इतक्यात तर नाहीच. दहा वर्षं आम्ही ती पेटती ठेवली. मी पाच-पाचदा विचारून ती तुमच्या डोळ्यांत घातली, आणि उत्तर माझ्यापासून तीन पावलांवर होतं. प्रयोग बिघडू नये म्हणून मी ते उघडलं नाही. माणसाला काय आठवतं हे बघायच्या नादात काय झालं होतं ते बघितलंच नाही. चौकशीचा निकाल आजच रद्द करायला लिहितो. माझ्या सहीनं, माझी चूक म्हणून.” मग ते माझ्याकडे वळले. “कागद द्या.” आणि घाईघाईनं, “अर्ज नव्हे! साधा कागद!”

टेपवाले उभे राहिले. “काका, माफ...”

“आज नाही,” काका म्हणाले.

आवाज मोठा नव्हता. पण इतक्या वर्षांत मी या माणसाच्या तोंडून ‘नाही’ ऐकलं नव्हतं. त्यांचे कान लाल झाले होते, नाकपुड्या फुलल्या होत्या. “दहा वर्षं,” ते म्हणाले. “ही पोरगी माझ्यासमोर शिकली, हिचं लग्न झालं, हिला लेक झाली, मी प्रत्येक वेळी दारात उभा. आत पाऊल टाकायला घाबरायचो. नातीला उचलून घेतलं की पहिल्यांदा खोलीत काय काय पेट घेईल ते मोजायचो. आज मला माफी मागू नका. आज मला राग येतोय. येऊ द्या.”

“बाबा, तुम्ही चिडलात!” लेक म्हणाली आणि रडायला लागली, म्हणजे हसायला लागली, दोन्हीची एकच वेळ होती.

“चिडलोच आहे!”

“चिडा की! दहा वर्षं वाट बघतेय मी!”

मावशी आपली पिशवी गोळा करत होती. मॅडम डोळे पुसत म्हणाल्या, शेगडी माझी होती हे मीही लिहून देते. टेपवाले सरांसमोर जाऊन बसले आणि त्यांचा कबुलीचा कागद स्वतःच्या हातानं लिहू लागले. माझ्या वहीत त्यांच्या ‘काय केलं’च्या रकान्यात दहा वर्षांनी पहिली खरी ओळ पडत होती.

काका दारापर्यंत गेले. वळले. लेकीला विचारलं, “सोमवारी किती वाजता निघतेस?”

“आठला.”

“मी साडेसातला येतो. पण ऐकून ठेव, भीती गेलेली नाही. ती येणार माझ्याबरोबर.”

“तरी येणार?”

“मग काय!” काका पायऱ्या उतरायला लागले, इतक्या भराभर की तिला मागून धावावं लागलं. “भीतीला बाहेरच्या बाकावर बसवू. आत मी आणि नात. तू मला एवढंच सांग, ती दुपारी किती वाजता झोपते?”